व्हिसाचा सल्ला कमिशनवर नको : सोलापूर विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सदस्य,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ,
तसेच संलग्न महाविद्यालयांचे सर्व प्राचार्य

स. न. वि. वि.

परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने स्वतःचा व्हिसा मार्गदर्शन कक्ष सुरू करावा, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. त्या कक्षात पगारी माणसे बसावीत आणि त्यांनी ना विद्यार्थ्याकडून पैसे घ्यावेत, ना परदेशी कॉलेजकडून. पत्र बंद पाकिटात न पाठवता उघडपणे लिहितो आहे, कारण ते पालकांनीही वाचावे आणि तुमच्याकडे हीच मागणी करावी, अशी माझी इच्छा आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात नोकरी केली. शेवटची बरीच वर्षे शैक्षणिक कर्जाचे टेबल माझ्याकडे होते. आता निवृत्त आहे, पण मुले आणि त्यांचे आईवडील अजून घरी येतात. साखर पेठेतला टॉवेलचा कारखानदार येतो, विड्या वळून मुलाला इंजिनिअर केलेली आई येते, सांगोल्याकडचा डाळिंबवाला येतो, एस.टी.तला कंडक्टर येतो. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल असते आणि बोलणे एकच : "साहेब, हे सगळं बरोबर हाय का, एकदा बघा की." ही माणसे घर गहाण टाकायला निघालेली असतात. बहुतेक सरकारी बँकांत साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहते घर, नाहीतर जमीन. एवढा मोठा निर्णय घेताना त्यांना कागद दाखवायला एका निवृत्त बँकवाल्याचे घर शोधावे लागते, याचे मला फार वाईट वाटते. कर्जाचे कागद मला कळतात. व्हिसाचे कागद वाचून वाचून शिकलो. पण हे काम एखाद्या माणसाच्या सवडीवर सोडण्याजोगे नाही.

मग आज सल्ला देतो कोण? कन्सल्टन्सीवाला. त्यांतले काही जण नीट काम करतात, हे मी पाहिले आहे, आणि सगळ्यांना एका मापाने मोजणे योग्य नाही. पण या धंद्यात पैसा कुठून येतो ते पाहा. पाटीवर 'मोफत समुपदेशन' असे लिहिलेले असते, आणि विद्यार्थ्याकडून खरोखरच फारसे काही घेतले जात नाही. मूल परदेशातल्या कॉलेजात दाखल झाले, की पहिल्या वर्षाच्या फीचा काही भाग ते कॉलेज एजंटला देते. म्हणजे ज्या कॉलेजातून कमिशन येते, तेच चांगले ठरते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीच नाही. फी नाही म्हणजे कमिशनही नाही. जर्मनीला जायचे म्हणून चौकशीला गेलेला मेकॅनिकलचा मुलगा तिथल्या एखाद्या खासगी, भरपूर फीच्या कॉलेजचे ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. सरकारी विद्यापीठांचे नावही त्याला कुणी सांगितलेले नसते.

ज्या देशांत ही मुले जातात, त्या देशांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. अमेरिकेत परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक 'डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल' नेमावा लागतो. सगळे त्याला डीएसओ म्हणतात. मुलाचा आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद तोच काढतो, सेव्हिस या सरकारी संगणक-नोंदीत बदल तोच करतो, आणि मुलाने काय केले तर चालेल व काय केले तर अंगाशी येईल, हे सांगणे त्याचे काम असते. तिथल्या नियमात स्पष्ट लिहिले आहे, की हा माणूस संस्थेचा नियमित कर्मचारी असला पाहिजे आणि त्याचा मोबदला परदेशी विद्यार्थी भरतीच्या कमिशनमधून येता कामा नये. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणी किंवा सूट नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणे हा गुन्हा आहे. विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या विद्यार्थ्यांपुरती सूट आहे, कारण तो सल्ला विद्यापीठाच्या जबाबदारीवर दिला जातो. कॅनडात मोबदला घेऊन असा सल्ला द्यायचा तर वकिलीची सनद किंवा सल्लागाराचा परवाना लागतो.

म्हणजे मूल तिथे पोचले, की त्याला जबाबदार माणूस मिळतो. खरे निर्णय मात्र त्याआधी, इथे सोलापुरात होतात. कोणता देश, कोणते कॉलेज, किती कर्ज, कोणते कागद, मुलाखतीत काय सांगायचे, हे सगळे ठरत असताना मुलाच्या बाजूने विचार करणारा माणूस समोर नसतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. पूर्व भागातले एक यंत्रमागधारक मुलाचा आय-२० घेऊन आले होते. कागद महत्त्वाचा, हरवू नये, खराब होऊ नये, म्हणून त्यांनी तो जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतला होता. मी पुढचे पान पाहिले. वर सेव्हिसचा नंबर, इंग्रजी एन अक्षराने सुरू होणारा. खाली अभ्यासक्रमाचे नाव, सुरू आणि संपण्याच्या तारखा, फी किती, राहण्याचा खर्च किती, आणि तो पैसा कुठून येणार याचा तक्ता. मग दुसरे पान उलटून त्यांना दाखवले. सुट्टीत घरी येऊन परत जायचे असेल, तर डीएसओची सही याच पानावर लागते, आणि प्लास्टिकवर सही घेता येत नाही. कागद नवा काढून मिळतो, ते काही मोठे संकट नव्हते. पण मी त्यांना विचारले, अभ्यासक्रमाच्या नावाशेजारचा हा आकडा कसला, ते कुणी सांगितले का? नाही. तो सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या विषयात मोडतो ते सांगणारा सरकारी क्रमांक. शिक्षण संपल्यावर अमेरिकेत ओपीटी नावाच्या सवलतीखाली बारा महिने काम करता येते. त्यापुढचे चोवीस महिने फक्त विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या सरकारी यादीत तो कोड असेल तरच मिळतात. मुलाचा अभ्यासक्रम व्यवस्थापनाचा होता आणि कोड त्या यादीत नव्हता. एजंटने मात्र "तीन वर्षं काम करता येतं" असे सांगून कर्जफेडीचा सगळा हिशेब मांडून दिला होता. तीन वर्षांच्या पगारावर बेतलेले कर्ज एका वर्षाच्या पगारात कसे फिटणार? ते गृहस्थ बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. नंतर मुलाने त्याच विद्यापीठाला पत्र लिहून यादीत बसणारा दुसरा अभ्यासक्रम मागून घेतला. वेळ हातात होता म्हणून ते जमले.

हे सांगायला कुठलीही गुप्त विद्या लागत नाही. कागद वाचता येणारा आणि त्यात स्वतःचा फायदा नसलेला माणूस लागतो.

सगळ्यात मोठा गोंधळ असतो तो व्हिसा आणि मुक्काम यांतला. पासपोर्टात पाच वर्षांचा व्हिसा लागला, की आपल्याकडे पेढे वाटले जातात आणि पाच वर्षे राहता येते असे सगळे धरून चालतात. व्हिसा हा दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. आत घ्यायचे की नाही ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि आत गेल्यावर राहण्याचा हक्क मुलाच्या वागण्यावर टिकतो. विषय जड जातोय म्हणून डीएसओला न विचारता एखादा विषय सोडला आणि पूर्णवेळ अभ्यासाची अट मोडली, तर व्हिसावरची तारीख कितीही लांबची असली तरी उपयोग नाही. घर बदलले तर दहा दिवसांत कळवावे लागते. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून ते संपल्यानंतर साठ दिवसांपर्यंतच करता येतो, आणि पहिल्या बारा महिन्यांच्या ओपीटीत एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकारी चालत नाही. या गोष्टी जाण्याआधी कळल्या, तर मूल सावध राहते.

आणि काम. याबद्दल मला प्रत्येक पालकाशी बोलावेसे वाटते. "तिकडे गेल्यावर पार्टटाइम करील आणि हप्ता पाठवील," हे वाक्य मी बँकेत सतत ऐकले. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला फक्त वीस तास, तेही कॅम्पसवरच काम करता येते. कॅनडात कॅम्पसबाहेर आठवड्याला चोवीस तास, ही मर्यादा नोव्हेंबर २०२४ पासून. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. या कामातून जेवणखाण आणि खोलीचे भाडे निघाले तरी पुष्कळ. त्यातून चाळीस लाखांच्या कर्जाचे व्याज फिटत नाही. मग मूल काय करते? एखाद्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात रोख पैशावर, नोंद न होणारे काम धरते. सापडले तर मुक्कामाचा हक्क जातो. कर्जाची हमी दिलेला बाप इथे, आणि अर्धे शिक्षण टाकून परतलेले मूलही इथेच. अशी घरे मी पाहिली आहेत. बँकेची नोटीस घेऊन त्या घरी जाण्याचे काम माझ्याकडेच असे.

पैशांच्या कागदांत तर आणखी मोठे खड्डे आहेत. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारी रक्कम मुलाच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग अठ्ठावीस दिवस असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे. एवढी रक्कम एकदम नसली, की एजंट म्हणतो, "शो मनीचं आम्ही बघतो." म्हणजे कुणाचे तरी पैसे महिनाभर व्याजाने खात्यात ठेवायचे, नाहीतर सरळ खोटे स्टेटमेंट बनवायचे. याची किंमत पालकांना कुणी सांगत नाही. फसवणूक ठरली तर ब्रिटन दहा वर्षे दार बंद करू शकते, कॅनडा पाच वर्षे, आणि अमेरिकेचा कायदा खोट्या माहितीबद्दल माणसाला कायमचा अपात्र ठरवतो. खोटा कागद एजंटने बनवलेला असला तरी सही मुलाची असते, आणि नाव मुलाचेच लागते. कॅनडात २०२३ मध्ये पंजाबातल्या मुलांचे हेच झाले. प्रवेशाची पत्रेच बनावट होती, आणि बऱ्याच जणांना ते कळले शिक्षण पुरे करून, नोकरी धरून, कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र त्या संस्थेकडून पडताळून घेते.

हे पंजाबचे झाले, आपल्याकडे कुठे, असे कुणी म्हणू नये. सोलापूरच्या पूर्व भागाचे नातेगोते तेलंगणाशी आहे. कन्ना चौकातल्या घरातला मुलगा अमेरिकेला जायचे ठरवतो, तेव्हा तो पुण्याआधी हैदराबादच्या मावसभावाला फोन करतो आणि अमीरपेठेतल्या क्लासेसच्या गल्ल्यांत जाऊन पोचतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' या नावाने नोंद केलेल्या विद्यार्थ्यांची धरपकड झाली. मिशिगन राज्यातले हे विद्यापीठ तिथल्या इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून उभे केले होते. तिथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. सुरुवातीला पकडलेल्या १३० जणांत १२९ भारतीय होते, आणि त्यांत तेलुगू भाषक मुलांचा भरणा मोठा होता. मुले भरती करणाऱ्या आठ जणांवर खटले झाले. त्याआधी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठाचे प्रकरण झाले होते, तिथेही आंध्रचीच मुले मोठ्या संख्येने अडकली होती. त्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या शाखेत येणाऱ्या कितीतरी घरांनी धसका घेतला. भीतीने लोक गप्प बसले आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच ओळखीच्या माणसाकडे गेले, कारण दुसरे जायचे कुठे?

२०२५ चे वर्ष तर फार कठीण गेले. मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेत हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या, काहींच्या तर वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांवरून. मुले कोर्टात गेली आणि एप्रिलच्या अखेरीस नोंदी पूर्ववत होऊ लागल्या. मेच्या शेवटी व्हिसा मुलाखतींच्या नव्या तारखा देणेच थांबले. जूनमध्ये ते सुरू झाले, तेव्हा समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवण्याची अट आली. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणार आणि मुलाखतीचा स्लॉट मिळेना, अशा अवस्थेत मुले रात्री-अपरात्री पडद्यासमोर बसून होती. सप्टेंबरात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला फोन सुरू झाले : "आता पोराला पाठवू का नको?" महिनाभराने, २० ऑक्टोबरला तिथल्या खात्याने खुलासा केला, की अमेरिकेत आधीपासूनच विद्यार्थी म्हणून असलेल्या आणि तिथेच राहून एच-१बीमध्ये बदल करून घेणाऱ्याला हे शुल्क लागू नाही. पण त्या महिन्याभरात काही पालकांनी भरलेली अनामत सोडून दिली होती, आणि काहींना "आत्ताच भरा, नंतर दार बंद" म्हणून घाईने पैसे भरायला लावले गेले होते. दोन्ही निर्णय व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुरावरून झाले.

भिंतीवर एक माहितीफलक लावून भागणार नाही असे मी म्हणतो ते यामुळे. नियम बदलत राहतात. दर आठवड्याला सरकारी संकेतस्थळे उघडून वाचणारा आणि "हे अजून फक्त प्रस्ताव आहे, नियम नाही" एवढे तरी ठामपणे सांगणारा माणूस हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थ्यांच्या मुक्कामाला जास्तीत जास्त चार वर्षांची मुदत घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्या वेळी तो नुसता प्रस्ताव होता. तरी माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांनी तो कायदा झाला असेच धरले होते.

आता ज्या गोष्टी पूर्णपणे विद्यापीठाच्या हातात आहेत, त्यांकडे वळतो.

पहिली नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे, असे छापतात. पासपोर्टात आडनावाची आणि नावाची रकाने वेगळी असतात. आपल्या तेलुगू आणि कन्नड घरांतली आडनावे इंग्रजीत तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेली असतात : दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. काहींच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच असतो आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात. अशा मुलाच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येते, म्हणजे 'पहिले नाव माहीत नाही'. मग तिथल्या बँक खात्यापासून वाहन परवान्यापर्यंत ती तीन अक्षरे त्याच्या मागे लागतात. हे टाळायचे तर पासपोर्ट काढतानाच, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षातच, मुलाला सांगावे लागते. पासपोर्टचे काम सोलापुरातच होते. अडचण फक्त एवढीच, की नाव कसे लिहायचे ते आधी सांगायला कुणी नसते.

दुसरी ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याची. परदेशातल्या मूल्यमापन संस्थांना ती विद्यापीठाकडून थेट, सीलबंद पाकिटात किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने हवी असतात. जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागद तपासल्याचे एपीएसचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, आणि ते मिळेपर्यंत आठवडे जातात. त्यासाठी लागणारे गुणपत्रिकांचे संच, शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असल्याचा दाखला, गुणांकनाची पद्धत समजावणारे पत्र, हे सगळे एका खिडकीवर, ठरलेल्या दिवसांत मिळावे. अक्कलकोटच्या मुलाने एका सहीसाठी केगावला विद्यापीठात खेप मारावी आणि दुसऱ्या सहीसाठी परत यावे, असे होऊ नये. शेवटच्या सत्राचा निकाल आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र यांच्या तारखा ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशांशी जुळतील, हेही पाहावे.

कक्ष कसा असावा, याबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. सुरुवातीला दोन माणसे पुरेत. एकाला अमेरिका-कॅनडाचे नियम पक्के माहीत असावेत, दुसऱ्याला ब्रिटन, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियाचे. केगावच्या इमारतीत कक्ष असू द्या, पण आठवड्यातून एक दिवस त्यांनी शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात बसावे, आणि महिन्यातून एकदा पंढरपूर किंवा बार्शीला जावे. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारे कुणीतरी तिथे असावे, कारण निर्णय घरात होतो, आणि घरात आजी-आजोबाही बसलेले असतात. दिलेला प्रत्येक सल्ला लेखी असावा, तारीख घालून, सही करून, आणि त्याची एक प्रत मुलाकडे राहावी. माझा सगळ्यात जास्त आग्रह या मुद्द्यावर आहे. लेखी द्यायचे म्हटले की माणूस तपासून बोलतो.

कक्षाने अर्ज भरून देऊ नयेत आणि व्हिसाची हमी तर कधीच देऊ नये. व्हिसा देणे न देणे त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हातात आहे. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलगा खिडकीसमोर उभा राहतो, तेव्हा त्याला मिळतात दोन-तीन मिनिटे. एजंटने पाठ करून घेतलेली उत्तरे तिथे लगेच ओळखू येतात, कारण मागचा मुलगाही तीच वाक्ये बोलत असतो. कक्षाने मुलाला एवढेच विचारावे : तू हाच अभ्यासक्रम का निवडलास, पैसे कोण देणार आहे, शिकून काय करणार आहेस? याची खरी उत्तरे त्याच्याजवळ असतील, तर ती इंग्रजीत नीट सांगण्याचा सराव करून घ्यावा. खरी उत्तरे नसतील, तर आणखी सहा महिने थांब, असे सांगण्याची हिंमत त्या टेबलावर असावी. कमिशनवर जगणाऱ्या माणसाला हे वाक्य परवडत नाही. आणि व्हिसा नाकारल्याचा, '२१४-बी' हे कलम लिहिलेला कागद हातात पडला तर त्या घरात सुतक पाळल्यासारखे होते, तेव्हाही कुणीतरी सांगायला हवे, की हा नकार कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करता येतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मान खाली घालून परत आलेल्या मुलाला सकाळी तेवढा आधार मिळाला, तरी पुष्कळ झाले.

वैद्यकीयला जाणाऱ्यांचा विषय वेगळा आहे, पण त्यांनाही या कक्षाचे दार उघडे असावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला एमबीबीएसचा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप असलेला हवा. त्याशिवाय इथे परवाना नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून मुले परतली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत कोण कुठे अडकले आहे याची शोधाशोध करावी लागली. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थ्याला आपली नोंद करता येते. जाणाऱ्या प्रत्येक मुलाची ही नोंद कक्षाने विमानात बसण्यापूर्वीच करवून घ्यावी, आणि मूल गेल्यावरही त्याला फोन करता येईल असा एक क्रमांक द्यावा.

प्राचार्यांना एक विनंती स्वतंत्रपणे करतो. आपल्या सभागृहात 'परदेशी शिक्षण मेळावा' भरतो, फलकावर कॉलेजचे नाव असते आणि खाली कन्सल्टन्सीचे. तो फलक पाहून पालकाला वाटते, की कॉलेजने या माणसाची खात्री केलेली आहे. तुमच्या नावावरचा विश्वास त्या एजंटला फुकट मिळतो. मेळावे बंद करा असे मी म्हणत नाही. पण सभागृह देताना त्या संस्थेकडून लेखी घ्या : कोणकोणत्या परदेशी कॉलेजांकडून कमिशन मिळते, आणि विद्यार्थ्याकडून काय घेतले जाते. तो कागद दारावर लावा. ज्याला ते लिहून द्यायचे नाही, त्याला सभागृह देऊ नका. कॉलेजला त्या मेळाव्यापोटी काही देणगी मिळत असेल, तर तीही त्याच कागदावर लिहा.

खर्चाचा प्रश्न निघेल. दोन पगार, एक खोली, दोन संगणक, फोन. ट्रान्स्क्रिप्ट आणि पडताळणीसाठी विद्यार्थी विद्यापीठाला शुल्क भरतातच. त्यातला काही भाग याच कामाला राखून ठेवता येईल. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या राज्य सरकारच्या योजना आहेत. त्यांची माहिती वेळेत दिली आणि आपल्या भागातल्या चारदोन मुलांना जरी शिष्यवृत्ती मिळाली, तरी तेवढ्या घरांवरचे गहाणखत टळेल. कक्षाचा हिशेब मांडताना ही रक्कमही धरावी.

व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि काय ठरले ते जाहीर करावे, ही विनंती. कक्ष सुरू होईपर्यंत एखाद्या महाविद्यालयाने खोली आणि टेबल दिले, तर आठवड्यातले दोन दिवस सकाळी मी तिथे बसेन. कर्जाचे आणि पैशांचे कागद मी विनामोबदला तपासून देईन. माझ्याबरोबरच्या निवृत्त सहकाऱ्यांपैकी काही जण यायला तयार आहेत. व्हिसाच्या नियमांसाठी मात्र माणूस तुम्हीच नेमायला हवा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
सोलापूर